चुलीचा रकाना

रामकिसनचा फोन आला तेव्हा मुकुंद औरंगाबादच्या घरी मेथी निवडत बसला होता. फोन ठेवला आणि देठंही पातेल्यात टाकत सुटला. शरयूनं पाहिलं, पण लगेच बोलली नाही. टेंभुर्णीचा फोन आला की नवऱ्याला घटकाभर त्याचं त्याला राहू द्यावं, एवढं ती इतक्या वर्षांत शिकली होती.

"काय म्हणतात रामकिसनराव?"

"गोदीचं लग्न आहे. रविवारी."

"या रविवारी? मग पत्रिका कशी नाही आली?"

"पत्रिका नाही, आवतण नाही. 'तुझा फार्मुला बिघडला, जल्दी ये,' एवढंच म्हणाला."

मुकुंदला राग आला होता आणि तो लपवायचं त्याला जमत नव्हतं. ज्या घरात नऊ-दहा वर्षं राहिलो, ज्या चुलीवरची भाकर खाल्ली, त्या घरच्या पोरीचं लग्न निघालं आणि आपल्याला साधी पत्रिका नाही! काम अडलं तेव्हा मात्र मुकुंद आठवला. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते ऐकलं होतं. इथं गरज पडली आणि मेलेला वैद्य उठवला.

"मग जाऊ नका," शरयू म्हणाली.

"न जाऊन कसं चालेल?" मुकुंद म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एस.टी.त बसलेला होता.

भोकरदनला गाडी थांबली. मुकुंद खिडकीतून ती कापडाच्या दुकानावरची माडी शोधत राहिला. माडी होती, पण पाटी गेली होती. तिथं आता मोबाइलवाला बसला होता. अठ्ठ्याण्णव साली त्याच माडीवर तालुक्यातला पहिला कम्प्युटर क्लास निघाला होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, पडदा सारून आत जायचं. आत कूलर होता, तो मशीनसाठी. माणसांनी घाम पुसत बसायचं. मुकुंद तेव्हा टेंभुर्णीच्या हायस्कुलात गणित शिकवायचा आणि रामकिसनच्या घरात एका खोलीत राहायचा. रामकिसनचं बियाणा-खताचं दुकान होतं, शेती होती, आणि जगात काहीही नवीन निघालं की ते आपल्याला आलंच पाहिजे अशी खाज होती. शाळा सुटली की दोघं राजदूतवर बसून भोकरदनला यायचे. रामकिसनचा धाकटा भाऊ भुजंग तिसरा. त्याला कम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. क्लासखालच्या गाड्यावरची भजी चांगली होती म्हणून तो यायचा आणि मग मागं स्टुलावर बसून फुकटचे सल्ले द्यायचा.

फार सुखाचे दिवस होते ते. पुढं मुकुंदनं शहरात नोकरी धरली, घर घेतलं, पण तसं पोट धरून हसणं त्याच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. गाडी टेंभुर्णीकडं वळेपर्यंत त्याचा अर्धा राग उतरला होता. उरलेला अर्धा त्यानं मुद्दाम धरून ठेवला.

त्या क्लासमधलं शिकणं पहिल्यांदा कामाला आलं रामकिसनच्या बहिणीच्या, उषाच्या लग्नात. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या एका गावात लग्नात अन्न कमी पडलं होतं. दुसरी पंगत बसलेली आणि भात संपला. पाहुणे पानावरून उठले. त्या घराला अजूनही लोक 'उपाशी लग्नवाले' म्हणतात. उषाचं लग्न ठरलं तसा तिच्या आईनं, तुळजाबाईंनी, धसका घेतला. जेवायला किती माणसं येतील हे गावात कोणालाच नक्की सांगता येत नसतं. मुकुंद म्हणाला, आपण सांगू. कम्प्युटर सांगेल.

"गावात घरं किती?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला होता.

"घरं कशाला मोजतो?" रामकिसन म्हणाला. "चुली मोज. एका दारात तीन भाऊ ऱ्हातेत अन् चुली तीन असतेत. दाराला आवतण दिलं तं एक भाऊ येतो, दोघं रुसतेत."

मुकुंद जालन्यात वाढलेला. त्याला हे नवीन होतं. मग एकेक रकाना वाढत गेला. दार कितवं, चूल कितवी, माणसं किती. आवतण 'चूलबंद' की 'घरटी एक'. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, पोराबाळांसकट सगळे जेवायला. घरटी एक म्हणजे एकच माणूस. पण म्हातारा आला तर नातू कडेवर घेऊन येणारच, म्हणून तिथं दीड धरायचा. परगावचा पाहुणा असेल तर माणसं मोजायची नाहीत, जीप मोजायची, आणि जीप म्हणजे टपावरचे धरून. लग्न बाजाराच्या दिवशी आलं तर वरून आणखी काही. हे सगळं मुकुंदनं एकाच फार्मुल्यात एकात एक घातलं. एका 'इफ'च्या, म्हणजे 'जर-तर'च्या, पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. सातव्याच्या पुढं मशीन घेईना.

"सप्तपदीच्या फुडं मशीन बी जाईना!" भुजंग मागून म्हणाला होता, आणि क्लासमधली सगळी पोरं हसली होती.

उषाच्या लग्नात अन्न कमी पडलं नाही. गावानं तोंडात बोटं घातली. पुढं वर्षभरात मुकुंद शहरात गेला. फ्लॉपी रामकिसनकडं राहिली.

दुकानाच्या दारातच रामकिसन उभा होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. मुकुंदची पिशवी त्यानं हातातून ओढूनच घेतली.

"आला का? बस. चहा सांगतो."

"चहा राहू दे. काय बिघडलं ते दाखव," मुकुंद म्हणाला. त्याला आपलाच आवाज परका वाटला.

रामकिसननं जे सांगितलं ते असं. गोदीच्या लग्नासाठी त्यानं जुनाच तक्ता दुकानाच्या कम्प्युटरवर उघडला. सगळ्या गावाची माहिती नव्यानं भरली, कोण मेलं, कोण वेगळं निघालं, कोणाकडं सून आली, सगळं. मग कागद काढून मच्छिंद्राच्या हातात दिला. परगावाला पत्रिका जातात, पण गावात आवतण तोंडीच द्यायचं असतं, आणि ते काम मच्छिंद्राकडं. मच्छिंद्र कागद घेऊन चौकातल्या हॉटेलात चहाला बसला. कोणीतरी विचारलं, भुजंगच्या दारी कधी जातो? मच्छिंद्रानं कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाला, तिथं जायचं न्हाई, त्यायच्या नावाफुडं शून्य हाये.

चहा थंड व्हायच्या आत ही बातमी भुजंगच्या घरी पोचली.

दोघा भावांच्या चुली तीन वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. दार तेच, पण अंगणात मधोमध भिंत. कारण काय तर नेहमीचंच, बायकांवर ढकललेलं आणि दोघा पुरुषांच्या आडमुठेपणाचं. तुळजाबाई पंधरा दिवस भिंतीच्या इकडं जेवायच्या, पंधरा दिवस तिकडं. भाऊ बोलत नव्हते, पण पुतणीच्या लग्नात चुलता येणार हे सगळ्या गावानं धरलेलं होतं. आणि भावानं त्याच्यापुढं शून्य मांडलं!

"त्यानं मायच्या हाती निरोप धाडला," रामकिसन म्हणाला. "ज्या मांडवात माझी किंमत शून्य, तिथं म्या पाय ठिवणार न्हाई. अन् माय म्हणून राह्यली, एक लेक भिंतीमागं बसला तं मी बी मांडवात येणार न्हाई. माझ्या पोरीच्या लग्नात माझी माय न्हाई, मुकुंदा. लोक काय म्हणतील ते जाऊ दे. गोदी कालपासून जेवली न्हाई."

मुकुंदनं धरून ठेवलेला राग तिथंच सुटला. तो खुर्ची ओढून बसला.

"आता तू असं कर," रामकिसन म्हणाला. "त्या शून्याचं पाच करून दे, त्याच्या घरी माणसं पाच हायेत. नवा कागद काढ. म्या मच्छिंद्राला घेऊन त्याच्या दारी जातो, सांगतो कम्प्युटर चुकला."

"नुसता पाच थापून कसं चालेल? एका ओळीला फार्मुला चुकला असेल तर सगळ्या ओळींना चुकला असेल. आचाऱ्याला आकडा कधी द्यायचा आहे?"

"आज सांजच्याला."

"मग? उषाच्या लग्नात राखली ती अब्रू गोदीच्या लग्नात घालवायची का? आधी हे शून्य कुठून आलं ते कळू दे."

त्यानं भुजंगच्या ओळीवर जाऊन फार्मुला उघडला. तीन ओळींचा तो मजकूर, सात इफ, स्वल्पविरामांची गर्दी आणि शेवटी एकापुढं एक बंद होणारे कंस. मुकुंद पाहतच राहिला. त्याला एक अक्षर कळेना.

"हे कोणी लिहिलं?" तो म्हणाला.

"तूच लिव्हलं."

"मी? असं?"

"बिलकुल तूच. तव्हा तं म्हणत व्हता, लेकराला बी कळंल."

जुनं आपलंच अक्षर वाचता येत नाही अशी वेळ डॉक्टरांवर येते म्हणतात. मुकुंदवर गणिताचा मास्तर असून आली. त्यानं दोनदा वरून खाली वाचलं आणि दोनदा मधेच हरवला. तेवढ्यात लाइट जायची वेळ झाली. त्या दिवसांत भारनियमन असं काटेकोर होतं, की गावातली माणसं लाइट गेल्यावर घड्याळ लावून घेत. मुकुंदनं घाईघाईनं सगळा फार्मुला कापूस बियाण्याच्या एका जुन्या पोस्टरच्या पाठीवर उतरवून घेतला. शेवटचा कंस लिहिला आणि पडदा काळा झाला.

मग दुकानाच्या ओट्यावर, पोस्टर मांडीवर घेऊन, त्यानं तो उसवायला घेतला. बाहेरून धरला की हरवतो, हे त्याला आता कळलं होतं. म्हणून तो सगळ्यात आतल्या कंसाशी गेला. गोधडी उसवताना मधला टाका सापडला की बाकीचे आपोआप सुटतात, तसं झालं. आतल्या इफची त्यानं साध्या मराठीत ओळ केली आणि त्याच्यावर रेघ मारली. मग त्याच्या बाहेरचा घेतला. वर बाजाराचा इफ ओळखू आला, जीपचा आला, नातू घेऊन येणारा म्हातारा तर पाहिल्याबरोबर सापडला. त्या म्हाताऱ्याच्या दीडवरून क्लासमध्ये केवढा वाद झाला होता! भुजंग म्हणत होता नातू आजोबापेक्षा जास्ती खातो, अडीच धरा. मुकुंद एकटाच हसला.

दुकानात दुपार होईपर्यंत गिऱ्हाईक येऊन जात होतं. रामकिसन पुड्या देत होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, सापडलं का. मुकुंद म्हणत होता, थांब. मुकुंदला शेवटी मच्छिंद्राचा तो छापील कागदच लागला. भुजंगच्या ओळीसारखीच आणखी कुठली ओळ शून्य आली आहे का, ते पाहावं म्हणून त्यानं बोट वरून खाली नेलं. गावभरात शून्य फक्त तीन जागी होतं. एक खुद्द रामकिसनपुढं. एक भुजंगपुढं. आणि तिसरं नाव होतं, 'मुकुंद मास्तर'.

त्याचं बोट त्या नावावरच थांबलं. म्हणजे आपणही शून्यच! पत्रिका का आली नाही, ते हे. त्यानं स्वतःची ओळ वाचली. दार एक, चूल एक, आवतण चूलबंद. खोली सोडून इतकी वर्षं झाली तरी रामकिसननं ती ओळ खोडली नव्हती. दार रामकिसनचं. चूल रामकिसनची.

आणि तिथं त्याला आतल्या दोन कंसांच्या, नुसत्या उतरवून ठेवलेल्या ओळींचा अर्थ कळला. दार यजमानाचंच आहे का, हा पहिला. असेल तर चूल यजमानाचीच आहे का, हा दुसरा. चूल वेगळी असेल तर माणसं मोज. चूल तीच असेल तर शून्य.

हे दोन इफ त्यानं स्वतःच्या मनानं घातले नव्हते. भुजंगनं सांगून घातले होते. भजीचा कागद हातात घेऊन तो स्टुलावरून वाकला होता आणि त्यानं पडद्यावर आपलं नाव पाहिलं होतं. "अय सर, आमाला बी पाव्हण्यात धरलं का? घरच्या माणसाला कोणी आवतण देतं का? घरचा माणूस आधी वाढतो अन् मागून जेवतो. ज्याची चूल आपली त्याच्या नावाफुडं शून्य मांडा!" वर म्हणाला होता, "अन् सरांच्या फुडं बी. ते काय पाव्हणे हायेत?" त्या वाक्यानं मुकुंदला तेव्हा किती बरं वाटलं होतं. जालना सोडल्यापासून त्याला कोणी घरचं म्हटलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट तो विसरला कसा, याची त्याला लाज वाटली आणि डोळे भरून आले.

"रामकिसन," तो म्हणाला, "फार्मुला बरोबर आहे. एक टाकाही चुकलेला नाही. शून्य म्हणजे घरचा."

त्यानं पोस्टर पुढं धरून सगळं समजावून सांगितलं. रामकिसन ऐकत होता, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही. आणि सांगता सांगता मुकुंदच थांबला. दार एक हे ठीक. पण चूल? चूल तर वेगळी झाली. मग चुलीच्या रकान्यात भुजंगपुढं दोन असायला पाहिजे, आणि दोन असेल तर फार्मुला पाच म्हणणार. शून्य आलं याचा अर्थ तिथं एक आहे.

त्यानं कागद पुन्हा पाहिला. गावातल्या बाकी सगळ्या वाटण्या बरोबर होत्या. वरच्या आळीत तीन भाऊ गेल्या वर्षी वेगळे निघाले, त्यांच्या चुली एक, दोन, तीन. बापलेकाची चूल वेगळी झालेली, तीसुद्धा धरलेली. फक्त भुजंगपुढं एक होता.

"हे चुकून राहिलं का तुझ्याकडून? जुनंच पडून राहिलं?"

रामकिसननं समोरच्या पुड्या उगाच सरळ लावल्या.

संध्याकाळी लाइट आली. मुकुंदनं तक्ता उघडला आणि कर्सर भुजंगपुढच्या चुलीच्या रकान्यात नेऊन ठेवला. "दोन दाब. पाच येतील. मग कागद काढू आणि जा भुजंगच्या दारी, चूलबंद आवतण दे. इतकं सोपं आहे."

रामकिसननं बोट पुढं नेलं. दोनच्या कळीवर ठेवलं. तसाच बसून राहिला. मग बोट मागं घेतलं.

"तू दाब," तो म्हणाला.

"का?"

"वाटणीच्या कागदावर सही केली ना म्या. भिंतीच्या विटा माझ्याच ट्रॅक्टरमधी आल्या. त्या टायमाला काई वाटलं न्हाई, डोकं फिरेल व्हतं. पर ह्ये भरायला बसलो अन् त्याचं नाव आलं, तं हात चालंना. दोन लिव्हलं की झालंच म्हणा. मंग म्या म्हणलं, एक आकडा हाये, कोणाला कळून राह्यलं?" त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मला काय ठाऊक, तुझा फार्मुला त्येच वाचतो म्हणून."

मुकुंदनं ती कळ दाबली नाही. त्याच्यानंही ते झालं नाही. आचाऱ्याला त्यानं कागदावरचाच आकडा सांगून टाकला आणि पायात चपला घातल्या.

भुजंगच्या अंगणात जायला भिंतीला वळसा घालावा लागला. भुजंग बाजेवर बसला होता. मुकुंदला पाहून उठला, पण हसला नाही. त्याची बायको चतुराबाई पाण्याचा तांब्या ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"या सर. म्हटलं, आमाला भेटता का तसेच जाता."

"भुजंगराव, शून्य मांडलंय हे खरं."

"मंग बोलायचं काय ऱ्हायलं?"

"ते तुम्हीच मांडायला लावलं होतं. उषाच्या लग्नात. घरच्याला आवतण नसतं म्हणालात. तुमच्यापुढं शून्य, माझ्यापुढं शून्य."

भुजंगला आठवलं. ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"तव्हा चूल एक व्हती," तो म्हणाला. "आता दोन हायेत. दोन चुलीवाल्याला आवतण लागतं. ह्ये बी म्याच सांगितलं व्हतं ना? मंग तुमच्या कम्प्युटरला ते कळंना का?"

"कळतं. बरोबर कळतं. चुलीच्या रकान्यात दोन असेल तर तो पाच दाखवतो."

"मंग?"

"तिथं एक आहे. दादानं एक लिहिलंय. सगळ्या गावाच्या चुली त्यानं फोडल्या, तुमची नाही. मी म्हटलं दोन कर. तर बोट ठेवून बसला आणि त्याच्यानं झालं नाही."

भुजंग बाजेवर खाली बसला. भिंतीपलीकडं नंदाबाई, रामकिसनची बायको, पोरीला जेव म्हणून विनवत होती, ते इकडं स्वच्छ ऐकू येत होतं.

"त्यानं सोताच्या हातानं लिव्हलं?" भुजंगनं विचारलं.

"स्वतःच्या."

"बराबर हाये," एवढंच तो म्हणाला. बराबर म्हणजे काय, हे मुकुंदला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. तो परत आला. रामकिसन ओसरीत वाट पाहत बसला होता. मुकुंदनं मान हलवली, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. त्या घरात त्या दिवशी कोणालाच धड जेवण गेलं नाही.

सकाळी भांड्यांच्या आवाजानं मुकुंद उठला. बाहेर येऊन पाहतो तर भुजंग देवळातल्या मोठ्या कढया बैलगाडीतून उतरवून घेत होता. कमरेला टॉवेल, विजार गुडघ्यापर्यंत, आणि आवाज असा की वेशीपर्यंत जावा.

"वैनी, ह्या दोन कढयायनं काई होत न्हाई. तिसरी सांगितली का न्हाई? अन् वाढपी कोण कोण हायेत? पोरं नुसती मोटारसायकलवर फिरून राह्यली!"

नंदाबाई दारात उभी राहून पदरानं डोळे टिपत होती आणि हसतही होती. "तुमीच बघा भाऊजी," ती म्हणाली. "तुमीच सांगा कोण वाढंल."

रामकिसन बाहेर आला. दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. तीन वर्षांनी काय बोलायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी रामकिसननं कढईचा एक कान धरला, भुजंगनं दुसरा, आणि कढई उचलून ते मांडवाकडं गेले. गोदी धावत येऊन चुलत्याच्या पाठीला बिलगली, तशी कढई कलंडली आणि भुजंग तिलाच रागावला.

मग तो मुकुंदकडं वळला. "सर, तुमच्या फार्मुल्यात एक खोट हाये. रातभर इचार केला."

"कुठली?"

"घरच्याफुडं शून्य मांडलं, ठीक हाये. आवतण न्हाई. पर घरच्याला पोट न्हाई का? उषाच्या लग्नात गाव जेवलं अन् आपुन सगळे दोन दोन पुऱ्या खाऊन झोपलो. ध्यानात हाये का?"

मुकुंदला आठवलं, आणि पटलंही. इतकी वर्षं आपण म्हणत आलो की अन्न कमी पडलं नाही, ते पाहुण्यांना. त्याला कोणी जाब विचारला नव्हता, कारण जे उपाशी झोपले ते घरचे होते. तो म्हणाला, आत्ता बसून दुरुस्त करतो. पण आचाऱ्याचं सामान येऊन पडलं होतं, आणि रामकिसन म्हणाला, ऱ्हाऊ दे आता, कोणाच्या नशिबात असंल ते ऱ्हाईल.

रविवारी लग्न लागलं. गावाच्या पंगती उठत गेल्या. भुजंग ओरडून ओरडून वाढत होता, रामकिसन व्याह्यांच्या पुढंमागं करत होता, आणि मुकुंद, औरंगाबादचा साहेब, बुंदीची बादली घेऊन वाकून वाकून चालत होता. सकाळच्या गाडीनं शरयू येऊन पोचली होती. तिनं नवऱ्याला तसं पाहिलं, पर्स चतुराबाईकडं ठेवली आणि पाण्याचा जग उचलला. कोणीही पानावरून उठलं नाही. कोणालाही काही कमी पडलं नाही.

ऊन कलल्यावर घरच्यांची पंगत बसली. मांडवाखाली एकच लांब ओळ. भात तळाला गेला होता. पुऱ्या गार आणि मोजक्या. वांग्याच्या भाजीत वांगं शोधावं लागत होतं, बुंदीचा चुराच तेवढा उरला होता. फार्मुल्यानं जे सांगितलं होतं ते तंतोतंत झालं होतं.

तुळजाबाई दोघा लेकांच्या मधे बसल्या. त्यांच्या पानात सगळ्यांनी मिळून पुरीचे दोन तुकडे जास्तीचे टाकले होते. त्यांनी सावकाश खाल्लं. शेजारच्या पानावरून मुकुंदनं अपराध्यासारखं विचारलं, "मावशी, पोट नाही ना भरलं?"

"न्हाई भरलं," तुळजाबाई म्हणाल्या. पानावरचा शेवटचा घास त्यांनी बोटांनी गोळा केला. "पर तीन वर्सात आज पयल्यांदाच मला कोणी इचारलं न्हाई बाबा, आज तुझं जेवण कोणाकडं हाये म्हणून."

दोघा भावांच्या माना खाली गेल्या. रामकिसननं आपल्या पानातली बुंदी आईच्या पानात सरकवली. दुसऱ्या बाजूनं भुजंगनंही सरकवली. तुळजाबाईंनी ती दोन्ही हातांनी एकत्र केली आणि तिचे दोन वाटे न करताच त्या खायला लागल्या.